कुणाच्या मानानं?

मुलाखतीला गेलो तेव्हा शर्टाला कडक इस्त्री होती आणि उत्तरं तोंडपाठ होती. टेबलापलीकडे पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला तीन पेनं, पायात चपला. माझी सर्टिफिकेटांची फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"सोताबद्दल सांग."

"सर, मी मेहनती आहे."

"कुणाच्या मानानं?"

बोंबला! हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी पंख्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्या मोठ्या भावाच्या मानानं."

"भाऊ काय करतो?"

"सध्या घरीच असतो."

"मंग तू सकाळी उठलास येवढंच झालं की रं. मेहनत कुठं हाय त्यात?"

दापोडीला परत येताना बसमध्ये मी त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं, नोकरी मिळाली होती. पुढे वर्षभराने धीर करून विचारलं, साहेब, मला का घेतलंत? तर म्हणाले, "बाकीच्या चौघांनी उत्तरच दिलं न्हाई. त्यांच्या मानानं तू बरा." बारा वर्षांत त्यांच्या तोंडून माझं झालेलं हे सगळ्यांत मोठं कौतुक.

आमची कंपनी चाकणला. गाडीच्या सीटखाली जो लोखंडी सांगाडा असतो, ज्यावर तुम्ही रोज बसता आणि ज्याचा विचार कधीच करत नाही, तो आम्ही बनवतो. साहेब तिथे फायनान्सचे प्रमुख होते. मूळचे पिंपळे गुरवचे, जुन्या गावातल्या शेतकरी घरातले. आजोबा जिथे ज्वारी पेरायचे तिथे आता घराण्याच्या तीन इमारती उभ्या होत्या आणि तिन्हींचं भाडं घरबसल्या येत होतं. तरी हा गृहस्थ वडिलांच्या वेळची स्कूटर मारत रोज चाकणला यायचा. मी एकदा म्हटलं, "साहेब, तुम्हाला नोकरीची गरज काय?" तर म्हणाले, "घरी बसून तुलना कुणाशी करू? भाडेकरूंशी?"

तुलना हेच त्यांचं व्यसन. तंबाखू नाही, चहा बेताचा, पण कुणी काहीही म्हटलं की त्यांची मान तिरकी व्हायची आणि तो प्रश्न यायचाच. आज ऊन फार आहे. कुणाच्या मानानं? नवा मॅनेजर हुशार दिसतो. कुणाच्या मानानं? आम्ही अकाउंट्सवाले मागून त्यांना 'मापटं' म्हणायचो. धान्य मोजायचं मापटं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा जाता जाता म्हणाले, "ह्या आधीच्या साहेबाला तुमी काय म्हणायचे? 'ठोंब्या' ना? त्या मानानं बरं हाय माझं."

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी फोटो दाखवायची चूक केली. "मुलगी छान आहे, साहेब." पुढचं मला माहीतच होतं, म्हणून मी हात जोडले, "यात तरी सोडा." त्यांनी फोटो नीट न्याहाळला, परत दिला आणि म्हणाले, "तुला न्हाई इचारत. तिला इचारायचं हाय, ती कुणाच्या मानानं 'हो' म्हणली ते." बायको अजून हा किस्सा माहेरी रंगवून सांगते.

राजगुरुनगरला आमच्या स्टोअरकीपरच्या वडिलांच्या दहाव्याला गेलो होतो. मंडळी बसली होती. कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "चांगलं वय झालं म्हाताऱ्याचं." साहेबांची मान तिरकी व्हायला लागलेली मी पाहिली आणि त्यांच्या पायावर माझा पाय दाबून धरला. परत येताना चाकणच्या चौकात गाडी अडकली तेव्हा हळूच म्हणाले, "म्हाताऱ्याचा थोरला भाऊ अजून शेतात जातो. मी फकस्त येवढंच सांगणार हुतो."

आता कुणाला वाटेल, माणूस नुसता खवचट होता. तर तसं नव्हतं. त्यांच्या तुलनेला नियम होते आणि ते नियम त्यांनी आम्हाला जेवणाच्या डब्यावर शिकवले. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक लांबोडकी वही होती. कॅन्टीनमध्ये साहेब बसले की सगळे आपापला डबा उघडून पुढे करायचे. ते एकेक घास घ्यायचे आणि वहीत मांडायचे. मेथीचा वार असला की मेथीवाल्यांचीच नोंद. मी एकदा बायकोने केलेलं पनीर पुढे केलं आणि म्हटलं, आज आपला पहिला नंबर. त्यांनी पनीर खाल्लं, बोटं चाटली आणि वही मिटली.

"मेथीला मेथीच लावायची. मेथीशेजारी पनीर ठेवलं तर पनीरच जिंकणार. त्यात सुगरणीचं काय?"

कंपन्यांच्या आकड्यांचंही ते तसंच बघायचे. एका वर्षी आमचा नफा चांगला वाढला. थोरल्या मालकांनी ऑफिसात स्वतः पेढे वाटले. साहेबांनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "नफा वाढला कुणाच्या मानानं, मालक?" मालक म्हणाले, गेल्या वर्षीच्या. "गेल्या वर्षीच्या मानानं तर समद्या चाकणचा वाढलाय. आपल्यासारक्या सात कंपन्या बघितल्या मी. त्यात आपला सगळ्यांत कमी वाढलाय. बस पुढं गेली म्हणून आत बसलेला माणूस पळाला, असं कुठं असतंय?" थोरल्या मालकांनी पेढ्यांचा पुडा मिटला. मग म्हणाले, "पेढा तर खा." साहेबांनी खाल्ला. त्या पेढ्याची मात्र नोंद केली नाही, एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

घरी मात्र या सवयीची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागत होती. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. काकूंनी भरलं वांगं असं केलं होतं की मी भीडभाड न ठेवता तीनदा वाढून घेतलं. साहेब खाली मान घालून जेवत होते. मी म्हटलं, "काकू, साहेब तुमचं कौतुक करतात की नाही?" काकू हसल्या. "ह्यांना 'कसं झालंय' असं इचारायचंच न्हाई. इचारलं की सुरू. आत्याबाईच्या मानानं का तुझ्या आईच्या मानानं? तीस वर्सं झाली, मी इचारणं सोडलंय." साहेब म्हणाले, "व्हय, सोडलंय," आणि ताक मागितलं. मला तेव्हा त्या माणसाचा मनापासून राग आला होता.

थोरले मालक थकले आणि धाकटे मालक परदेशातून शिकून आले. आले ते मुंबईच्या एका सल्लागार कंपनीला सोबत घेऊनच. महिन्याभरात कंपनीत एक नवा शब्द खेळायला लागला, बेंचमार्किंग. म्हणजे आपले आकडे आपल्यासारख्या दुसऱ्या कंपन्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायचे आणि आपण कुठे कमी पडतो ते शोधायचं. मी पोट धरून हसलो. बारा वर्षं आमचं मापटं फुकटात हेच करत होतं. आता तोच प्रश्न लॅपटॉप घेऊन, एसी गाडीने येऊन, जीएसटी लावून विचारला जाणार होता.

साहेबांना मात्र आनंद झाला. खराखुरा आनंद. पहिल्या मीटिंगला ते नवा शर्ट घालून आले आणि चपलांच्या जागी बूट. मला म्हणाले, "आता समदी कंपनी इचारणार बघ, कुणाच्या मानानं!"

सल्लागारांची दोन पोरं होती, दोघेही टाय लावलेले, दोघेही एकसारखे गोड. त्यांनी पडद्यावर तक्ता लावला. पाच कंपन्या, पण नावं नाहीत. अ, ब, क, ड, ई. नावं गोपनीय. चांगल्या आकड्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. क कंपनी वरपासून खालपर्यंत हिरवीगार. आम्ही लालभडक. सगळ्यांत लाल होती ती पगाराची ओळ. शंभर रुपयांची विक्री केली की आमचे एकोणीस रुपये पगारात जात होते. क कंपनीचे नऊ.

"कुणाच्या मानानं हे एकोणीस जास्त?" साहेबांनी विचारलं.

"सर, बेस्ट-इन-क्लासच्या मानाने."

"त्या क्लासातल्या पोराला नाव-गाव हाय का काई?"

"कॉन्फिडेन्शियल आहे, सर."

साहेबांनी वहीत 'क' लिहिलं आणि भोवती गोल काढला.

त्यानंतरचे तीन महिने आम्ही क कंपनीच्या नादी लागलो. अहो, नादी म्हणजे किती! क कंपनीत माणशी चहा कमी लागतो असं कळलं, तर आमच्या कॅन्टीनचा कप अर्धा झाला. क कंपनीची कामगारांसाठी एकच बस आहे असं कळलं, तर आमच्या दोनातली एक बंद झाली आणि मी दापोडीपासून चाकणपर्यंत उभा राहून यायला लागलो. एचआरने जिन्यात पोस्टर लावलं, 'चला, क होऊ या!' कॅन्टीनचा आचारी मला गंभीरपणे विचारायला आला, "राव, त्या क कंपनीत भाजीला मिरची किती घालतात?" ती कंपनी कुठे आहे, काय बनवते, कुणी पाहिली आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ज्याने विचारायचं तो एकटाच विचारत होता आणि त्याला सगळे हसत होते. खोटं कशाला बोलू, मीही हसत होतो. मला डेप्युटी मॅनेजर करण्याचा शब्द धाकट्या मालकांनी दिला होता.

मग सल्लागारांची मुख्य सूचना आली. आमचा पावडर कोटिंगचा विभाग बंद करायचा. सांगाड्यांवर रंगाची पूड उडवून ते भट्टीत भाजतात, तो विभाग. तिथे बेचाळीस माणसं होती. रंगाचं काम बाहेर देऊन टाका, पगार खाली येतील, लाल ओळ हिरवी होईल. बेचाळीस नावांची यादी मीच केली. शेजारी एक रकाना काढला आणि वर लिहिलं, 'बचत'. बेरीज चुकू नये म्हणून दोनदा तपासली.

यादीत पहिलं नाव मंदाबाईंचं. त्या रंगाच्या लायनीवर सांगाडे हुकाला अडकवायच्या, अकरा वर्षं. मूळच्या मराठवाड्यातल्या, नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. साहेबांच्या वहीत मेथीच्या पानावर त्यांचं नाव कायम पहिल्या तिघांत असायचं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. बातमी कुठूनतरी फुटली आणि त्या थेट आमच्या केबिनमध्ये आल्या.

"साहेब, आमचं कामून बंद करायलेत? आमी काम कमी करायलोत का?"

साहेब म्हणाले, "तुमचा पगार जास्त हाय म्हणतात, मंदाबाई."

मंदाबाईंनी अकरा वर्षांत त्यांचं काय शिकायचं ते शिकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "कुनाच्या मानानं?"

साहेबांची मान तिरकी झाली नाही. खाली गेली. मंदाबाई दाराकडे वळल्या. "पोरीची एकच परीक्षा राहिली, साहेब. येवढं सालभर तरी चालू द्या म्हनावं," असं म्हणून निघून गेल्या. मी यादीची फाइल मिटून वर कॅल्क्युलेटर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी तो तक्ता मनावर घेतला. पहिल्यांदा त्यांनी सल्लागारांना फोन लावला. "क कंपनी रंगकाम बाहेरून करून घेती का? त्याचा खर्च कुठं धरलाय?" पोरगं म्हणालं, सर, तो 'इतर खर्च' आहे, तो आपण तुलनेत घेतलेला नाही. साहेबांनी फोन ठेवला. "बघ. मेथीशेजारी पनीर ठेवलंय."

पण क म्हणजे कोण? सल्लागारांनी नाव झाकलं होतं, वर्षाची विक्री मात्र शेवटच्या रुपयापर्यंत छापली होती. आणि कंपन्यांना दर वर्षी आपले हिशेब सरकारकडे जमा करावे लागतात, थोडी फी भरली की ते कुणालाही बघता येतात. साहेबांनी स्वतःच्या खिशातून फी भरून चाकण-भोसरीच्या चौदा कंपन्यांचे हिशेब काढायला लावले. मी कुरकुरत एकेक छापत होतो, ते एकेक विक्रीचा आकडा लावून बघत होते. अकराव्या कंपनीला त्यांचं पेन थांबलं.

"आकडा जुळला," ते म्हणाले. "उठ. खिडकी उघड."

मी उघडली. बाहेर आमच्या कंपाउंडची भिंत होती, भिंतीला लागून पलीकडे निळ्या पत्र्याची शेड.

"हा क," साहेब म्हणाले.

तीन महिने आम्ही ज्याची आरती ओवाळत होतो तो देव भिंतीपल्याड राहत होता! मी हसणार तेवढ्यात साहेबांनी त्याच कंपनीच्या खर्चाच्या पानावर बोट ठेवलं. बाहेरून करून घेतलेलं काम, आणि पुढे हा एवढा मोठा आकडा. "रंगाचं काम हे लोक कुणाला देत्यात?"

मी हातातले कागद खाली ठेवले. कारण ते मला माहीत होतं. साहेबांकडे वर्षाची नुसती बेरीज जायची, बिलं माझ्याकडे. थोरल्या मालकांनी पूर्वी कधीतरी, भट्टी रिकामी राहते म्हणून, बाहेरचे सांगाडे रंगवून द्यायला सुरुवात केली होती. हळूहळू ते काम आमच्या स्वतःच्या कामाएवढं झालं. पलीकडच्या कंपनीला दर महिन्याला त्याचं बिल जायचं आणि ते बिल मीच करत होतो! त्या कामाचा पगार आमच्या पगारात धरला जायचा आणि बिलाचे पैसे 'इतर उत्पन्न' म्हणून वेगळ्याच रकान्यात, विक्रीत नाहीच. ज्या कॉम्प्युटरवर मी बेचाळीस जणांची यादी केली त्याच कॉम्प्युटरवर ते बिलही होतं. मला दोन्ही दिसत होती आणि एकाशेजारी दुसरं ठेवावं असं कधी सुचलं नाही. साहेबांनी मला एक शब्द बोलायला हवा होता. ते बोलले नाहीत. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शुक्रवारी निर्णयाची मीटिंग होती. साहेब धाकट्या मालकांना म्हणाले, "पाच मिनिटं खाली चला." मालक, दोन टायवाले, मागे मी, अशी वरात कोटिंगच्या शेडमध्ये गेली. भट्टीची धग लागत होती. मंदाबाई हुकाला सांगाडे अडकवत होत्या. सांगाड्यांवर पिवळी चिठ्ठी होती. आमच्या मालाला पांढरी असते.

"मंदाबाई, ह्यो माल कुणाचा?"

"पल्याडच्यांचा हाय, साहेब. रोज दोन टेम्पो येतेत."

साहेब मालकांकडे वळले. आवाज चढवला नाही. "मालक, ही बघा क कंपनीची माणसं. त्यांचा पगार नऊ दिसतो, कारन त्यांची माणसं हितं हुबी हायत, आपल्या हजेरीवर. त्यांना एक बस पुरती, कारन दुसऱ्या बसमधली माणसं आपल्या बसनं येत्यात. आपण हे बंद केलं की त्यांचं रंगकाम बी बंद. मंग क बी लाल. आणि क लाल झाला, तर आपण व्हायचं कुणासारकं?"

 धाकट्या मालकांनी पिवळी चिठ्ठी हातात घेऊन वाचली. दोघांतलं एक पोरगं घसा खाकरून म्हणालं, "सर, ही ॲडजस्टमेंट आम्ही व्हर्जन टूमध्ये नक्की घेऊ."

विभाग राहिला. बेचाळीसच्या बेचाळीस राहिले. जिन्यातलं पोस्टर कुणीतरी गुपचूप काढलं. चहाचा कप मात्र अर्धाच राहिला. आणि पुढे कळलं की त्याच सल्लागारांनी पल्याडच्या कंपनीलाही अहवाल विकला होता आणि त्यांनी आमच्याकडे बघून त्यांचा कप अर्धा केला होता.

पण सल्लागारांना दिलेले पैसे वसूल व्हायला नकोत का? व्हर्जन टू आलं. या वेळी नावं उघड होती, कंपन्या आमच्याएवढ्याच, आमच्यासारख्याच. त्यात दिसलं की एवढ्या कंपनीत फायनान्सचा एकच प्रमुख असतो, वयाने तरुण, आणि बाकीचं सॉफ्टवेअर बघतं. आमचं 'वरिष्ठ पद' त्या मानाने महाग होतं. ते कापलं तर चालणार होतं. खुर्ची डेप्युटी मॅनेजरला द्यायची होती, म्हणजे मला.

कागद साहेबांकडेच तपासायला आला, याला काय म्हणावं! मी संतापलो होतो. म्हटलं, "साहेब, ज्यांचे दात तुम्ही घशात घातले तेच सूड उगवतायत. भांडा की!" त्यांनी दोन दिवस घेतले. पाचही कंपन्यांचे हिशेब काढले, पगार लावून बघितले, रकाने बघितले. तिसऱ्या दिवशी खिशातलं मधलं पेन काढून सही केली.

"मेथीला मेथीच लावलीया," ते म्हणाले. "महाग हाय मी. आकडा बरोबर हाय."

"आणि बेचाळीस माणसं वाचवलीत ती? ती कुठल्या रकान्यात?"

"त्याला रकाना न्हाई," साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. मला रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. धाकटे मालक म्हणाले, "साहेबांचं योगदान अतुलनीय आहे." सगळ्या हॉलच्या नजरा साहेबांकडे. त्यांनी शालीचा कोपरा उलटून बघितला आणि माझ्या कानाशी वाकले, "मागच्या निरोपाला दिलेल्या शालीत लोकर जास्त हुती." मला जरा बरं वाटलं, माणूस अजून शाबूत होता.

मग कॅन्टीन. कोटिंगची सगळी मंडळी आधीच येऊन उभी होती, अंगावर रंगाची पूड तशीच. मंदाबाईंनी कापडात गुंडाळलेला डबा उघडला. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मेथी. त्यांची मुलगीही आली होती, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन. साहेबांनी निळी वही माझ्यापुढे सरकवली, आता ती मलाच सांभाळायची होती. मी मेथीचं पान काढलं आणि पेन उघडलं.

साहेबांनी भाकरी मोडली. घास घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ चावला. मंदाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"कशी झालीया, साहेब?"

"चांगली हाय."

 वहीत काय लिहायचं ते मला कळेना. बारा वर्षांची सवय, मी मान वर करून विचारलं, "कुणाच्या मानानं, साहेब?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते आणि आवाजात राग होता.

"कुणाच्याच न्हाई," ते म्हणाले. "गप जेव."